पुढची बारकी चाकं

टर्टल क्रीक, ओहायो
४ जून १९८४

वेंडेल,

तुझं पत्र मिळालं. वाचून अशी तिडीक गेली डोक्यात, की शाळेची बस जागेवर लावून घरी आले आणि पायातले बूटही न काढता लिहायला बसले आहे.

"बाईच्या पायाला धीर नसतो" म्हणे! अरे शहाण्या, आठ वर्षं तुझ्या शर्यतीच्या गाडीच्या चाकांत हवा कोणी भरली? तुझ्या मागे उभं राहून, हातवारे करून, गाडी सरळ रेषेत कोणी आणून दिली? तेव्हा नाही दिसला तुला माझा अधीर पाय. मार्चमध्ये तुला काय झालं कोण जाणे. कारखान्यातलं लेथवरचं चांगलं काम सोडलंस, तरुणपणी जहाजावर होतास म्हणून या वयात पुन्हा जहाज धरलंस, आणि जाताना किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणालास, "लीनी, यंदा तू पळव." मी मागितली नव्हती हं. मनात फार वर्षं होतं, पण मागितली नव्हती.

काल काय झालं ते आपल्याबरोबर शर्यतीला उतरणाऱ्या रॉइस टॅकेटनं तुला कळवलं असेलच. मागच्या दोन वेळचंही त्यानंच कळवलं. आता माझ्याकडून ऐक. पहिल्याच फेरीत तांबडा दिवा. हो, मोसमातला तिसरा. पण तू शिकवलंस त्यात मी तसूभर फरक केलेला नाही. मागची चाकं पाण्यात फिरवून तापवली, दर वेळी तेवढीच. सुटायच्या रेषेजवळच्या खांबावरचा वरचा बारका दिवा लागला, त्याखालचा लागला, तिथेच थांबले, बोटभरही पुढे नाही. डावा पाय ब्रेकवर दाबलेला, उजव्यानं इंजिनाचा काटा तुझ्याच खुणेवर. तिसरा पिवळा पेटला की डावा पाय सोडायचा, हे शब्द तुझेच ना? सोडला. आणि हिरव्याच्या जागी तांबडा! जा बाई घरी!

गाडी लावून वेळेची चिठ्ठी आणायला गेले, परत येते तर बॉनेटवर टोमॅटो. लालभडक. जूनमध्ये इथे कोणाच्या बागेत पिकलाय टोमॅटो? म्हणजे त्या मेल्या रॉइसनं दुकानात जाऊन विकत आणला होता, माझा दिवा तांबडा येणार या खात्रीनं! आणि सगळे खी खी करून हसत होते. मी तो पुसला, मीठ लावलं आणि त्यांच्यासमोर उभी राहून खाल्ला. अर्धा खाल्ल्यावर फेकून द्यावासा वाटला, ते मात्र फक्त तुला सांगते.

अजून एक. गाडीच्या दारावर तुझं नाव आहे. मागच्या पत्र्यावर टायरच्या दुकानाचं आहे. डोनट विकणाऱ्या बर्निसचंसुद्धा आहे, कारण तिनं एकदा रंगाचा डबा दिला. माझं कुठे आहे रे? आठ वर्षांत टिकलीएवढंही नाही.

आणि हे पत्र कोणाकडून लिहून घेतलंस? अक्षर छापल्यासारखं आहे. बहिणीला चार ओळी लिहायला आता कारकून लागतो वाटतं साहेबांना.

लीनी

*

"हायरम कोल" जहाज, ह्युरॉन सरोवर
१९ जून १९८४

लीनी,

हात दाराच्या फटीत सापडला, म्हणून आमचा आचारी तोइवो लिहून देतो. मी बोलतो, तो लिहितो. एवढंच आहे ते, उगीच कारकून-बिरकून म्हणू नकोस.

तिसरा पिवळा दिसला की सोड म्हणजे दिसल्यावर जरासं थांबून सोड. एवढी अक्कल नको? मागची दोन वर्षं त्याच गाडीत मी बसत होतो. तीच चाकं, तीच खूण, तेच इंजिन. एकदाही तांबडा आला नाही. मग बदललं काय? चालवणारा बदलला. बस चालवणं आणि हे चालवणं यात फरक असतो. (हे लिहायला नको असं मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, लिही. म्हणून लिहिलं. — तोइवो)

आता नीट ऐक. रॉइस तीन वर्षं गाडी मागतो आहे. मी त्याला शब्द दिलाय. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी मोसम संपतो. तोवर एकाही रविवारी तू शेवटची फेरी जिंकली नाहीस, तर गाडी त्याची. माझं नाव लिहिलेल्या गाडीवर लोकांनी टोमॅटो ठेवलेले मला चालणार नाहीत.

आणि नावाचं काय घेऊन बसलीस? नाव चालवणाऱ्याचं असतं.

वेंडेल

ता. क. अर्लीनबाई (तुमचं पूर्ण नाव पाकिटावर वाचलं), मी तोइवो साल्मेला. कागद धरायला हात नाही म्हणाला, म्हणून तुमचं पत्र मीच त्याला वाचून दाखवलं, आणि चूक माझी, स्वयंपाकघरात वाचलं. चौघं जेवत होते. टोमॅटोपाशी आल्यावर चौघांनीही चमचे खाली ठेवले. पण खरं सांगू का, ही शर्यत नेमकी कशाची असते ते आमच्यापैकी एकालाही कळलं नाही. जो जास्त वेगानं जातो तो जिंकतो ना? मग हे दिव्यांचं काय?

*

टर्टल क्रीक
२ जुलै १९८४

वेंडेल,

शब्द दिलास? कोणाची गाडी, कोणाला शब्द? ते इंजिन आपण दोघांनी बाबांच्या कोठारात बांधलं. झडपा मी घासल्या, बोटांची सालं निघाली माझ्या. तेव्हा गाडीला म्हणत होतास, "आपली नोव्हा". विकायची वेळ आली की लगेच "माझं नाव"! आणि विकायची तरी कोणाला, त्या टोमॅटोवाल्याला! लाज वाटायला हवी होती तुला.

"जरासं थांबून सोड." किती जरासं रे? तू स्वतः मला शिकवलंस, की थांबणं दोनदा सारखं होत नाही. दिवा दिसला की पाय उठला पाहिजे, डोक्याला मध्ये बोलायला संधीच द्यायची नाही. तसं केलं तरच सुटणं दर वेळी सारखं होतं. आता तूच सांगतोस की दिवा बघ, मग विचार कर, मग सोड. मी तेही करून बघितलं मागच्या रविवारी. सरावात इतकी उशिरा सुटले की बर्निस डोनट सोडून ओरडली, "झोपलीस का गं?" आणि खऱ्या फेरीत पुन्हा तांबडा. टोमॅटो दोन आले या वेळी. चटणी केली.

मिस्टर साल्मेला, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझ्या भावाला कोणी काही विचारत नाही, त्यामुळे त्याला सगळं येतं असा त्याचा समज आहे.

दोन गाड्या, पाव मैलाचा सरळ रस्ता. सुटण्याआधी प्रत्येकानं आपल्या काचेवर बुटांच्या पांढऱ्या पॉलिशनं एक आकडा लिहायचा, की मला इतके सेकंद लागतील. आमची गाडी साडेबाराच्या आसपास पळते. समोरची साडेदहात पळत असेल तर मला दोन सेकंद आधी सोडतात. म्हणजे दोघंही आपापल्या आकड्याला जागले तर टोकाला बरोबरच पोचणार. मग जिंकतो कोण? जो हिरव्यावर चोख सुटला तो. आधी तीन पिवळे लागतात, मग हिरवा; पण गाडी हलायला क्षणभर लागतो, म्हणून पाय तिसऱ्या पिवळ्यालाच सोडायचा. हिरव्याच्या आधी गाडी हलली तर तांबडा, बाद. आणि स्वतः लिहिलेल्या आकड्यापेक्षा जोरात पळालात तरी बाद! जिंकला तो पुढच्या फेरीत, हरला तो घरी. वेगाला इथे कोणी विचारत नाही. काल जे केलं तेच आज, आणि आज जे केलं तेच उद्या, एवढंच लागतं. उन्हात, वाऱ्यात, सगळे बघत असताना. तुम्ही रोज सकाळी पॅनकेक करत असाल, वादळात जहाज हेलकावत असतानाही सगळे एकाच आकाराचे निघाले पाहिजेत, तसं हे.

आणि तेच तर मला येतं हो! अकरा वर्षं मी बस चालवते. माझी बस वळणावर दिसली की लोक घड्याळं लावतात. म्हणून तर इतकी चीड येते.

लीनी

*

"हायरम कोल", सुपीरियर सरोवर
२० जुलै १९८४

लीनी,

चटणी करतेस ते कर. शब्द दिलाय तो दिलाय. पुढच्या चाकांत हवा कमी-जास्त करू नकोस, खूण हलवू नकोस, काहीही बदलू नकोस. तुझा पाय बदल.

हात बरा आहे.

वेंडेल

ता. क. अर्लीनबाई, आता समजलं. मी आज मुद्दाम मोजून बघितलं, माझे पॅनकेक काही एकसारखे निघत नाहीत. चौघंही तुमच्या बाजूचे आहेत. वेंडेल उठून डेकवर गेला. तो हल्ली सगळ्यांचं झाल्यावरच जेवायला येतो.

*

टर्टल क्रीक
१३ ऑगस्ट १९८४

वेंडेल,

आज भांडायला नाही, विचारायला लिहिते आहे. नीट उत्तर दे.

शनिवारी पुढचं डावं चाक खिळ्यानं बसलं. टायरचं दुकान बंद. मग कोठारात टांगलेली जुनी जोडी काढली, दोन वर्षांपूर्वी तू उतरवून ठेवलेली. तेव्हा तू म्हणाला होतास, बारकी चाकं हलकी पडतात, लावून टाकू. मी लावून दिली होती. मी कधी विचारलं, का? तू म्हणालास ना, झालं.

काल ती जुनी मोठी चाकं लावून गेले. आणि वेंडेल, हिरवा! पहिल्या फेरीत हिरवा, दुसरीत हिरवा, तिसरीत हिरवा. मी काहीच वेगळं केलं नव्हतं. पिवळा दिसला, पाय उठला. चोख. सुटल्या सुटल्या सीटमध्ये बसल्या जागीच कळत होतं की ही सुटका सारखी आहे. चौथ्या फेरीत रॉइस होता. त्यालाही मी टोकाला मागे टाकलं! अर्ध्या बॉनेटनं! मी आनंदानं ओरडले आणि बघते तर टोकाचा, जिंकल्याचा दिवा त्याच्या बाजूला लागलेला. मी माझ्याच आकड्यापेक्षा जोरात पळाले होते. केसभरच, पण बाद म्हणजे बाद. पण तांबडा नव्हता ना, त्यामुळे रॉइसनं तयार ठेवलेला टोमॅटो त्याला परत खिशात घालावा लागला. एवढंच समाधान.

रात्रभर विचार केला. गाडीचा जोर वाढला नव्हता. सकाळी दोन्ही चाकं शेजारी शेजारी उभी केली. मोठं माझ्या गुडघ्याच्या वर येतं, बारकं गुडघ्याखाली. मग डोक्यात उजेड पडला. रेषेवर घड्याळ चालू करणारा जो उजेडाचा किरण असतो, तो पुढच्या चाकानं अडवलेला असतो. चाक मोठं असलं तर ते किरणातून बाहेर पडायला जास्त वेळ लागतो. म्हणजे घड्याळ उशिरा सुरू होतं, तोवर गाडीनं थोडा वेग घेतलेला असतो, म्हणून वेळ कमी दिसते. तो माझा आकडा चुकला, तो चुकला माझ्यामुळे, मला कळायला हवं होतं. पण बारकं चाक? ते किरणातून चटकन निसटतं. म्हणजे बारक्या चाकांवर ही गाडी आधीच घाईवर आलेली होती. जो कोणी पिवळ्यावर वेळेवर सुटेल त्याला तांबडाच येणार, आणि जो उशिरा सुटेल त्याला हिरवा.

तुला दोन वर्षं एकदाही तांबडा आला नाही म्हणालास. मग तू ती चाकं कशासाठी लावली होतीस?

लीनी

*

"हायरम कोल", ह्युरॉन सरोवर
२४ ऑगस्ट १९८४

लीनी,

कशासाठी म्हणजे काय? हलकी पडतात म्हणून. सांगितलं होतं तेव्हाच. तुला हे सगळं आता एका दिवसात कळायला लागलं का? मी तुझ्या जन्माआधीपासून इंजिनं उघडतोय. बारकी चाकं परत लाव. गाडी माझी आहे आणि माझ्या पद्धतीनं चालेल. जमत नसेल तर रॉइसला आत्ताच किल्ली दे, शेवटच्या रविवारची वाट कशाला बघतेस?

वेंडेल

ता. क. अर्लीनबाई, हे तो गेल्यावर लिहितो आहे. त्यानं काही पाहिलेलं नाही. मला एक विचारायचं होतं. दाराच्या फटीत सापडलेला हात बरा व्हायला किती दिवस लागतात? मे महिन्यापासून पत्रं मीच लिहितोय, पण पट्टी बांधलेली मी एकदाही पाहिली नाही. काल सूप घेताना त्याची वाटी सांडली, तर मी बघितलं का ते त्यानं आधी बघितलं. मी भांडी घासत असल्याचं दाखवलं. तुम्ही रागावता तेव्हा चांगल्या रागावता, म्हणून तुम्हालाच सांगतोय.

*

टर्टल क्रीक
३ सप्टेंबर १९८४

तोइवो, हे सगळ्यांसमोर वाचू नका. त्याच्या खोलीत जा, दार लावा, आणि त्याला एकट्याला वाचून दाखवा. एक शब्दही गाळू नका.

वेंडेल,

तू डावखुरा. लिहितोस डाव्या हातानं. ब्रेक सोडतोस डाव्या पायानं.

दोन वर्षांपूर्वी बारकी चाकं आली. गेल्या हिवाळ्यात कॉफीचा कप अर्धाच भरून घ्यायला लागलास, मी म्हटलं झोप येत नसेल म्हणून कमी पितोस. मग लेथ सोडलंस, जिथे हाताला केसाचीही चूक चालत नाही. मग जहाज. मग दाराची फट. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी बावळट चाकांत हवा भरत बसले. डावी बाजू ऐकत नाही ना रे तुझी? किती दिवस झाले? डॉक्टरला दाखवलंस? नाहीच दाखवलं असणार. तू मला ओळखतोस तशीच मीही तुला ओळखते.

पाय मागे पडायला लागला म्हणून तू गाडी पुढे ओढलीस. ते मला मान्य आहे. प्रत्येक जण गाडी आपल्या पायाला बेतून घेतो, त्यात चोरी नाही, उलट हुशारीच आहे ती. माझा संताप त्याचा नाही.

माझा संताप याचा आहे, की तुझ्या मंद पायाला बेतलेल्या गाडीत तू मला बसवलंस आणि एक अक्षर बोलला नाहीस. पहिला तांबडा आला तेव्हा कारण तुला ठाऊक होतं. दुसरा आला तेव्हाही ठाऊक होतं. आणि तेव्हाच तू मला लिहिलंस, बाईच्या पायाला धीर नसतो! अरे, एका वाक्यानं सुटलं असतं सगळं. "लीनी, मोठी चाकं लाव." एवढं सांगायला काय जात होतं तुझं? पण मी तांबड्यावर तांबडे आणले की गाडी विकायला कारण मिळतं, आणि वेंडेल प्रूइटनं चालवणं का सोडलं हे कोणी विचारत नाही. बहिणीनं वाट लावली, बिचाऱ्यानं विकून टाकली! माझं नाव गाडीवर कधी लिहिलं नाहीस, तुझी लाज मात्र माझ्या नावावर लिहिलीस. तो टोमॅटो मी तुझ्या वाटचा खाल्लाय, वेंडेल. सगळे टोमॅटो तुझ्या वाटचे.

आणि त्याहून जास्त कशानं जळते सांगू? आठ वर्षं मी तुझ्या मागे उभी होते. तुझी मान इकडची तिकडे झाली तरी मला कळायचं. त्या मला तू सांगू शकला नाहीस? मी कोणाला सांगणार होते? रॉइसला?

मोठी चाकं राहणार. शेवटच्या रविवारी मी जाणार. काय करायचं ते कर.

लीनी

*

"हायरम कोल", डेट्रॉइट नदी
१५ सप्टेंबर १९८४

अर्लीनबाई,

हे माझं पत्र आहे, त्याचं नाही. टपालाची होडी जहाजाला लागली आहे, दोरीला बांधलेली बादली खाली सोडायची आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.

तुम्ही सांगितलंत तसं दार लावून वाचलं. एक शब्द गाळला नाही. मला फार जड गेलं, पण नाही गाळला. तो बाकावर बसून होता. संपल्यावर म्हणाला, "परत वाच." परत वाचलं. मग म्हणाला, "मी मुद्दाम केलं नाही." मी कागदाची घडी घातली. मग म्हणाला, "पहिल्या वेळी नाही."

मी म्हटलं, मग रॉइसला दिलेला शब्द तरी परत घे. तो म्हणाला, शब्द म्हणजे शब्द. मला त्याचा राग आला आणि मी त्याला तसं सांगितलं. बारा वर्षं जहाजावर आहे, जेवणाऱ्या माणसाला मी कधी उलटं बोललो नव्हतो.

उत्तर लिहायचं का विचारलं तर नको म्हणाला. चीफ इंजिनिअरला कळलं तर त्याला पुढच्याच बंदरात उतरवतील, ही त्याची खरी भीती आहे. मी त्याचं सूप अर्धी वाटीच वाढतो आता, दोनदा. कोणाच्या लक्षात येत नाही.

रविवारी आम्ही सरोवराच्या मध्यावर असू. जे होईल ते कळवा. चौघंही विचारताहेत.

तोइवो साल्मेला

*

टर्टल क्रीक
१ ऑक्टोबर १९८४

वेंडेल,

तोइवोला खुशाल सगळ्यांसमोर वाचू दे हे.

काल रॉइस ट्रेलर घेऊन आला होता. रिकामा ट्रेलर, पट्टे-बिट्टे सगळं तयार, आणि आपल्याच गाडीला लागून उभा केला त्यानं! मी विचारलं, "हे काय?" तर म्हणतो, "वेंडेलचा शब्द आहे. संध्याकाळी परत कशाला फेरा?" माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण ट्रेलरला हात लावला नाही. तशीच वळले आणि चाकांतली हवा बघितली.

मागे उभं राहायला कोणी नव्हतं. पूर्ण मोसमात नव्हतं म्हणा. गाडी रेषेत सरळ आहे की नाही ते मी आरशातून बघते आणि देवाचं नाव घेते.

पाच फेऱ्या काढल्या. पाचही हिरवे. मोठ्या चाकांप्रमाणे आकडा मी ऑगस्टपासून बदलला होता, आणि गाडी त्याला अशी चिकटून पळत होती की वेळ देणारा म्हातारा चिठ्ठी हातात देताना म्हणाला, "बाई, हीच चिठ्ठी परत परत घेऊन जाताय का?"

सहावी शेवटची. रॉइस.

त्याची गाडी जोरात, म्हणून मी आधी सुटणार. पिवळा, पिवळा, पिवळा. पाय उठला. हिरवा. मग मागून तो येतोय हे ऐकू येत राहतं, त्यासारखं वाईट काही नसतं. टोकाच्या अलीकडे त्याच्या गाडीचं नाक माझ्या खिडकीपाशी आलं. मला वाटलं, अजून थोडं दाबावं. खरंच वाटलं. मग म्हटलं, नाही, बस वेळेवर थांब्याला जाते, आधी नाही. तशीच जाऊ दिली. तो पुढे गेला, अर्ध्या बॉनेटनं. लोक ओरडले. मी म्हटलं गेली आपली नोव्हा.

आणि दिवा माझ्या बाजूला लागला. तो स्वतःच्याच आकड्यापेक्षा जोरात पळाला होता. मला मागे टाकायच्या घाईत त्यानं आपलाच आकडा मोडला. मी गाडी थांबवून स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि रडले. हो, रडले.

बागेतला टोमॅटो नेला होता मी बरोबर. थंडी लवकर आली यंदा, पिकलाच नाही, हिरवाच राहिला. तो मी त्याच्या रिकाम्या ट्रेलरवर मधोमध ठेवला. कोणी हसलं नाही. मग बर्निस हसली, आणि मग सगळेच. शेवटी रॉइससुद्धा, पण त्याला वेळ लागला.

गाडी राहिली. आता तुझं सांगते. मी अजून रागावलेली आहे आणि बराच काळ राहणार आहे. बारकी चाकं कोठारात टांगून ठेवली आहेत. ती तुझी आहेत. तू म्हणशील त्या दिवशी लावून देईन, आणि तू बस. पण आधी डॉक्टर. ते होईपर्यंत बसायचं मी.

लीनी

*

टोलेडो, ओहायो
११ ऑक्टोबर १९८४

लीनी

हे मी लिहिलंय. डाव्या हातानं. अर्धा दिवस गेला. वाचता येत नसेल तर डोळे तपासून घे.

चीफला सांगितलं. उतरलो. तोइवोनं पॅनकेक बांधून दिलेत. एकही सारखा नाही.

रॉइसशी मी बोलेन. ते तुझं काम नव्हतं.

शुक्रवारी घ्यायला ये. शाळेची बस आणू नकोस.

मोठी चाकं राहू दे. बारकी मोडीत दे. आरशात बघून गाडी सरळ लागत नाही, मागच्या टायरचा माग बघावा लागतो. पुढच्या मोसमात मागे मी उभा राहीन. उजवा हात चांगला आहे.

दारावरचं माझं नाव खरवडून काढ. तुझं लिही. माझं मागे लिही, बर्निसच्या खाली.

वेंडेल